सतरा तारखेचा पाऊस

जिल्ह्याच्या पावसाचा सरकारी अहवाल करणाऱ्या योगीराज साहेबांच्या पत्राला रंगनाथ मास्तरांनी नऊ वर्षं उत्तर दिलं नव्हतं. मास्तर ताडकळसचा पाऊस रोज मोजून वहीत मांडत. पत्र तीनच ओळींचं होतं : '१७ जूनला मी स्वतः ताडकळसला होतो. दिवसभर ऊन होतं. मग आपल्या वहीत बेचाळीस मिलिमीटर पाऊस कसा? खुलासा करावा.'

खुलासा मास्तरांना त्याच मिनिटाला सुचला होता. पर्जन्यमापकातलं पाणी रोज सकाळी साडेआठला मोजतात आणि मागच्या चोवीस तासांचा पाऊस त्या सकाळच्या तारखेला मांडतात. पाऊस सोळाच्या संध्याकाळचा, नोंद सतराची. पण एवढ्या मोठ्या अधिकाऱ्याला हे ठाऊक नसेल? त्यांना दुसरंच काही विचारायचं असेल, आपल्यालाच कळत नसेल. मास्तरांनी चार मसुदे लिहून फाडले आणि ते गप्प बसले.

साहेबांनी ती कबुली धरली. एकतीस वर्षांच्या वह्या सरकारी अहवालातून बाद झाल्या.

आता निवृत्त साहेब हवामानाचे सल्लागार झाले होते. मंगळवारी जिल्हाधिकाऱ्यांपुढे त्यांचा नवा अहवाल मंजूर व्हायचा होता. टंचाईची कामं त्यावरून ठरणार होती. पेपरात त्यांची मुलाखत आली. सून बबितानं ती ओसरीवर मोठ्यानं वाचली : "पावसातले खंड वाढलेले नाहीत. ताडकळसचे एक मास्तर घरात बसून पाऊस लिहायचे, त्या नोंदी आम्ही काढून टाकल्या."

मास्तरांची कानशिलं तापली. त्यांच्या वह्यांत पूर्वी जुलैत आठवडाभराचा खंड होता, अलीकडं वीस-बावीस दिवसांचा.

"मामा, फोन लावा की त्यांना. चुकी कळली की दुरुस्त करतील."

"म्हणूनच लावायचा न्हाई."

"म्हंजी?"

"गुपचूप दुरुस्त करून वर शाबासकी घेईल तो. मला साऱ्या जिल्ह्यापुढं खोटं पाडलं त्यानं. आता साऱ्यांपुढंच उभं राहू दे."

"अगं बाई! आन आमी समजायलो, मामा लय गरीब!"

मास्तर तीन दिवस साहेबांच्या पत्राचं उत्तर लिहीत बसले. राग आला की विशेषण यायचं, ते खोडलं. पावसाची तारीख कशी धरतात ते चौथीतल्या पोराला सांगावं तसं लिहिलं. खाली सालवार खंडांचा तक्ता. शेवटी एक ओळ : 'पावसाची तारीख न समजता आपण जिल्ह्याच्या पावसावर अहवाल लिहिला आहे.' ती दोनदा खोडली. तिसऱ्यांदा शाई गडद करून लिहिली.

शनिवारी टपाल कार्यालयात जिल्हाधिकाऱ्यांची आणि पेपरची प्रत स्पीड पोस्टानं गेली. पोस्टमास्तर सिद्धोधननं तिसरं पाकीट उचललं. "गुरुजी, साहेबांचं बी स्पीडनंच ना?"

"नको, साधंच. त्यांना आधी बैठकीत कळू दे."

तिकीट चिकटवून मास्तरांनी पाकीट बाहेरच्या लाल पेटीत टाकलं, आणि ते आत पडलं की नाही, हे बोटं घालून चाचपून पाहिलं.