बंद पाकीट आणि सतरा शेळ्या

आमच्या मॅडमच्या टेबलाच्या खणात एक बंद पाकीट होतं आणि त्यात माझी चार वर्षं होती.

पाकिटाची पद्धत अशी. अवकाशातून एखादा कण सुसाट येऊन हवेवर आपटतो, फुटतो आणि कोट्यवधी कणांचा सडा पडतो. त्या सड्यातून रेडिओलहरींचा एक झटका निघतो. इतका लहान, की पापणी लवेपर्यंत असे कोटभर उरकतील. माळावरच्या आमच्या ऐंशी अँटेना तो पकडतात. निदान प्रयत्न तरी करतात. आता विद्यार्थ्याने खरंच काही शोधलं की मनातले मांडे खाल्ले, हे कळावं म्हणून मॅडम स्वतः बनवलेला एक खोटा झटका गुपचूप नोंदींमध्ये सोडतात, त्याची वेळ कागदावर लिहून पाकीट चिकटवतात आणि पुढे महिनाभर आपल्याकडे बघून गोड हसतात.

मला एकच मोठा झटका सापडला होता. बुधवारी, अकरा वाजून सात मिनिटांनी. देखणा. इतका देखणा, की मला घामच फुटला. खरा असेल तर याच महिन्यात प्रबंध सादर. मॅडमचा असेल तर पाचवं वर्ष.

"घरी काही बोलू नकोस," मी ताईला फोनवर बजावलं.

"छे! फक्त आईला सांगितलं."

म्हणजे दवंडीच. दुसऱ्या दिवशी मावशीचा फोन. "आकाशातून काहीतरी पडलं म्हणे तुझ्यावर? लागलं नाही ना रे?"

मला मात्र वेगळीच काळजी होती. माळाला लागून शेळीवाल्या काकूंचं विजेचं कुंपण आहे. दर सव्वा सेकंदाला त्याचा ठोका पडतो, ठिणगी उडते आणि आमच्या अँटेनांना वाटतं, आभाळ कोसळलं. म्हणून ठोक्यावर येईल ते फेकून द्यायचं, असं मी कॉम्प्युटरला शिकवलं होतं. मग धाकधूक वाटली, म्हणून ठोक्याच्या जरा आगेमागचंही. मग झोप लागेना, म्हणून आणखी जरा. शेवटी काकूंच्या हातापाया पडून एक दिवस कुंपणच बंद करवलं. त्या बदल्यात दिवसभर सतरा शेळ्या मी सांभाळल्या. तोच बुधवार. झटका आला तेव्हा मी एका शेळीच्या तोंडातून माझी वही ओढत होतो.

शुक्रवारी सगळ्यांसमोर मॅडमनी खण उघडला. पाकीट नव्हतं. दुसऱ्या खणात नव्हतं. शेवटी ते त्यांच्याच कपाखाली सापडलं. माझ्या भवितव्यावर चहाची तीन वर्तुळं उमटली होती.

"मंगळवार," मॅडमनी वाचलं. "चार वाजून वीस मिनिटं."

"बुधवार नाही?"

"मंगळवार."

मी ताडकन उठलो. खुर्ची पडली. खरा होता! माझा झटका खरा होता!

"बस," मॅडम म्हणाल्या. "मंगळवारचा कुठाय?"

खुर्ची उचलायला मी गरजेपेक्षा जास्त वेळ घेतला. शोधाशोध झाली. मंगळवारचा झटका कचऱ्यात होता, कुंपणाच्या ठोक्याच्या 'आणखी जरा' आगेमागे.

"म्हणजे मी सोडलेला झटका तू शेळ्यांच्या माथी मारलास."

"पण मॅडम, बुधवारचा तर खरा आहे!"

"असेलही. पण जो माणूस मी हातात दिलेलं फेकून देतो, त्याने आकाशातून आणलेलं कोण घेईल?"

कोणी हसलं नाही. त्यामुळे जास्त लागलं.

"आणखी काय काय फेकलंस, देव जाणे. तीन महिन्यांच्या नोंदी नव्याने घे. कुंपण बंद ठेवून."

"आणि शेळ्या?"

मॅडम गोड हसल्या आणि त्यांनी नवं पाकीट घेतलं.

संध्याकाळी मी काकूंच्या फाटकात उभा होतो. सगळं ऐकून घेत त्यांनी कोपऱ्यातली काठी माझ्या हातात दिली.

"तीन महिने तर तीन महिने. पण वर बघत बसू नकोस. मागच्या वेळी सोळाच परत आणल्या होत्यास."

"सतरा होत्या, काकू. मी मोजल्या होत्या."

"सतरावी मी शोधून आणली. तुला लाज वाटेल म्हणून बोलले नाही."

मी शेळ्यांकडे पाहिलं. मोजायला लागलो. सोळा भरल्या. पुन्हा पहिलीपासून सुरुवात केली.