मला एकदाच फुलायचंय

मी आहिनाहिना बोलतेय, आणि आज मला गप्प बसवतच नाहीये. उभा जन्म राखेच्या उतारावर मुकाट काढला; आता माझ्या मधोमध माणसाएवढा तुरा आलाय आणि त्यावर शेकड्यांनी जांभळी फुलं उमलतायत. आमच्यात फुलणं एकदाच. फुललं, बी धरलं की संपलं. म्हणून ही सगळी घाई.

आहिनाहिना म्हणजे राखाडी-राखाडी. एकदा राखाडी म्हणून इथल्या लोकांचं समाधान झालं नाही. पण माझी पानं जवळून बघा, चांदीचा वर्ख लावल्यासारखी आहेत. नाव ठेवणाऱ्यांना दुरूनच निघायची गडबड असावी.

समुद्रातल्या बेटावरच्या हालेआकाला या ज्वालामुखीच्या विवरात मी रुजले तेव्हा दुपार झाली की ढग काठावरून आत उतरायचे. पानांवरच्या लवेत थेंब धरायचे की माझं पोट भरायचं. रात्री असा गारठा पडायचा की राखही कडक व्हायची, आणि तो मला मानवायचा. पुढं ढग खाडे करायला लागले. ऊन तापलं, गारठा सैल पडला. खालच्या उतारावरच्या माझ्या शेजारणी उभ्याउभ्या वाळल्या आणि त्यांच्या जागी नवं रोप दिसेना. वर अजून बरं आहे. पण डोंगर वर जाऊन संपतो, हे मला इथून रोज दिसतं.

त्यात आमची एक अडचण. माझे पराग माझ्या कामाचे नाहीत, दुसरीचे लागतात. ते आणायचं काम मातीत घरं करणाऱ्या चिमुकल्या माश्यांचं. पूर्वी एका उन्हाळ्यात आम्ही पुष्कळजणी फुलायचो आणि माश्यांची नुसती धांदल उडायची. यंदा मी इथं, आणि दुसरी पार वरच्या टेकाडावर. तिच्याकडून पराग आले नाहीत तर माझं सगळं बी फोल. मग कशासाठी जगले, सांगा.

माणसं प्रेमळ आहेत, पण फार जवळ येतात. फोटोसाठी खेटून उभी राहतात आणि माझी वरवरची मुळं तुडवतात. नोहेआ तेवढी लांबच्या दगडावर थांबते. इथल्या झाडांची देखभाल तिच्याकडे आहे, राहते डोंगराखालच्या कुला गावात. आधी मला विचारते, मग जरा वाट पाहते, मगच पाऊल पुढं टाकते.

मी फुलल्याचं कळताच ती भावाला, केओलाला, घेऊन आली. हातात अंगणातल्या रुंद पानांत बांधलेली पुडी होती.

“झालं का विचारून?” केओला म्हणाला. “ती काय नको म्हणणारे?”

“तू गप बस, दादा. होओकुपू आणलंय. रिकाम्या हातानं यायचं का हिच्याकडे?”

होओकुपू म्हणजे मानाची भेट. तिनं पुडी माझ्यासमोरच्या दगडावर ठेवून सोडली. आत उकडलेलं रताळं होतं. मी हरखले. आणि पानाच्या घडीतून मुंग्यांची रांग बाहेर पडली.

नोहेआचा चेहरा उतरला. या मुंग्या मातीत शिरून माश्यांची पिल्लं खातात.

“दादा, डबा आण. लवकर.”

“अगं, मरतील रात्रीच्या थंडीत.”

“ती थंडी राहिलीय का आता? खालच्या उतारावर बघ, वारुळंच वारुळं झालीत. आणि इथं मी माझ्या हातानं आणून सोडल्या.”

पुडी डब्यात कोंबून दोघं गुडघ्यांवर बसली आणि एकेक मुंगी वेचत राहिली. दगड उलटून पाहिले, भेगा पाहिल्या. ऊन कलेपर्यंत नोहेआ डोळे पुसत होती. मला तिचा राग आला नाही. एवढ्या मायेनं कुणी काही आणलं नव्हतं.

“आता हिला द्यायचं काय मी?” ती म्हणाली.

केओलानं पाठ सरळ केली. “बाईसाहेब, शब्द तरी नीट ऐका. कुपू म्हणजे अंकुर. होओकुपू म्हणजे उगवायला लावणं. उकडलेलं रताळं ठेवून काय उगवणार होतं?”

नोहेआची नजर वरच्या टेकाडाकडे गेली.

दुसऱ्या दिवशी ती वरूनच उतरली, धापा टाकत. बूट झटकले, पिशवी उलटी करून दाखवली, मला विचारलं, वाट पाहिली. मग एका मऊ कुंचल्यानं माझ्या फुलाफुलाला वरचीचे पिवळे पराग लावले. माझेही घेतले, तिच्याकडे न्यायला.

“सोयरीक जुळवणारी झालीस की,” केओला म्हणाला. “जेवण कधी?”

“रताळं आहे कालचं. खा.”

मी हसले असते तर तुरा मोडला असता.

आता माझी पानं लोळागोळा झालीत, चांदी उतरलीय. खरंच राखाडी-राखाडी दिसतेय. पण वरती बी भरलंय, खुळखुळतंय. वारा सुटला की निघायचं. काही खाली पडतील, त्यांचं काही खरं नाही. काही वर जातील, अजून गारवा आहे तिथं.

तुम्ही कधी इकडे आलात तर आधी बूट झटका. आणि पाऊल टाकायच्या आधी विचारा, जरा थांबा. राखेत बोटाएवढं काही चांदीसारखं चमकलं तर ती माझी पोर आहे.