भिंतीपलीकडची चूल

तुमच्या हातच्या रश्श्याचं कुणी चारचौघांत कौतुक केलं आणि ते ऐकताना तुमची मान खाली गेली, असं कधी तुमच्या बाबतीत झालंय का? मंजुळाबाईंच्या बाबतीत ते दर रविवारी होत असे, आणि खाली गेलेली ती मान पाहून लोक म्हणत, भगवंतरावांची बायको किती मर्यादेची आहे.

मलकापूरपासून बैलांच्या दमणीनं दोन तासांच्या वाटेवर त्यांचं गाव होतं. भगवंतराव गावचे पाटील आणि तालुक्याच्या बोर्डावर होते, त्यामुळे घरी माणसांचा राबता असायचा. कापसाचे व्यापारी यायचे, कधी नागपूरहून आलेले शेतकी खात्याचे साहेब यायचे, आणि आलेला माणूस जेवल्याशिवाय जायचा नाही. घरात सासूबाई होत्या, झुंबरबाई. नवरा गेल्यावर त्यांनी महानुभाव पंथाचा उपदेश घेतला होता. त्याला अठरा वर्षं झाली होती. तेव्हापासून घरातल्या चुलीजवळ मटण कधी आलं नाही. ते शिजायचं मागच्या अंगणात, वेगळ्या चुलीवर, वेगळ्या पातेल्यात, आणि ते शिजवणाऱ्या सुनेला आंघोळ केल्याशिवाय आतल्या चुलीला शिवता येत नसे.

मंजुळाबाईंच्या माहेरी मटण कधी शिजलंच नव्हतं. लग्न होऊन आल्यावर पहिल्याच रविवारी त्यांनी केलेला रस्सा भगवंतरावांनी एक घास खाऊन बाजूला सारला, आणि ते काहीच बोलले नाहीत, त्याचंच त्यांना जास्त लागलं. शिकवणार कोण? सासूबाई त्या अंगणात पाऊलसुद्धा टाकत नसत.

अंगणाला छातीएवढी मातीची भिंत होती आणि भिंतीपलीकडे फकीर मोहम्मद पिंजाऱ्याचं घर. त्याची बायको नूरबी. एका रविवारी ती भिंतीवरून वाकून म्हणाली, "बाई, खोबरं जाळून राह्यली तुमी. वास माह्या घरात येते."

मंजुळाबाईंच्या डोळ्यांत धुरानं पाणी आलं होतं, थोडं धुरानं आणि थोडं असंच. नूरबीनं ते पाहिलं आणि हात पुढे केला. "द्या इकडं पातेलं. आजच्या दिस मी करून देते."

तो आजचा दिवस सहा वर्षं चालला. दर रविवारी मंजुळाबाई मटण धुऊन, हळद-मीठ लावून पातेलं भिंतीवरून देत. पलीकडे नूरबी कांदे निखाऱ्यात भाजायची, सुकं खोबरं, खसखस, दगडफूल आणि मिरच्या तव्यावर परतून पाट्यावर वाटायची, आणि दीड तासानं पातेलं परत येई, वर बोटभर लाल तर्री घेऊन. तेवढा वेळ मंजुळाबाई आपल्या चुलीवर नुसतं पाणी उकळत ठेवीत, म्हणजे धूर दिसावा. पिंजाऱ्याच्या घरचं शिजलेलं पाटलांच्या पंगतीत वाढलं जातं हे कळलं असतं तर काय झालं असतं, ते दोघींनाही ठाऊक होतं. त्यावर त्या कधी बोलल्या नाहीत. नूरबीनं बदल्यात कधी काही मागितलं नाही. फक्त कधी विचारायची, "काय म्हणले लोक?"

"चांगला झाला म्हणले."

"मंग झालं," असं म्हणून ती हसायची. आपण जेवलो नाही, पण आपला हात पंगतीला बसून आला, असं काहीसं त्या हसण्यात असायचं.

सातव्या वर्षी पोळ्याच्या करीला ते घडलं. पोळा झाला की दुसऱ्या दिवशी कर, आणि करीला मटण, हा सगळ्या गावाचा रिवाज. त्या दिवशी बोर्डाची पंधरा माणसं जेवायला होती. भगवंतरावांची चुलत बहीण गोजरबाई सकाळपासूनच घरी आल्या होत्या. नूरबीनं पातेलं भिंतीवर ठेवलं, आणि मग मीठ बरोबर आहे ना म्हणून पळी घालून थोडा रस्सा तळहातावर घेतला. तेवढ्यात गोजरबाई हात धुवायला मागं आल्या.

"अवं मंजुळे," त्या दारातच थांबल्या, "इची पळी तुह्या पातेल्यात काऊन?"

ओसरीवरून माणसांचं हसणं ऐकू येत होतं. मंजुळाबाईंनी तोंड उघडलं तेव्हा आपण काय बोलणार आहोत हे त्यांना खरोखर ठाऊक नव्हतं.

"रस्सा मांगाले आली व्हती," त्या म्हणाल्या. "मी नाई म्हणली. पाठ फिरवली त् तिनं पळी घातली."

नूरबीनं त्यांच्याकडे पाहिलं. रागानं नाही. भिंतीवरून पातेलं घेताना ती जशी पाहायची, नीट धरलं ना बाई, तसंच पाहिलं. मग तिनं पळी पातेल्याच्या काठावर ठेवली, तळहात पदराला पुसला आणि ती आत गेली.

पातेलं उकिरड्यावर ओतलं गेलं. पाहुण्यांना आदल्या दिवशीच्या पुरणावर भागवावं लागलं. भगवंतरावांनी फकीर मोहम्मदला सगळ्यांसमोर ओसरीखाली उभं केलं. "घरात खायाले नसन त् सांगजो," ते म्हणाले, "पण बायकोले चोऱ्या शिकवू नको." फकीर मोहम्मद खाली पाहून "हाव मालक" एवढंच म्हणाला. आठ दिवसांनी त्यानं पिंजण आणि पोरं गाडीत घातली आणि तो मलकापूरला निघून गेला.

पुढच्या रविवारी मंजुळाबाई पहिल्यांदाच आपल्या चुलीपुढे खरंखुरं मटण घेऊन बसल्या. आज सगळं उघडं पडणार, हे त्यांना दिसत होतं. कांदा करपला, खसखस टाकायची राहूनच गेली, वाटण पाट्यावर भरड राहिलं. त्यांनी पानात वाढलं आणि त्या दाराआड उभ्या राहिल्या.

"आज त् लई भारी उतरला," भगवंतराव म्हणाले.

मंजुळाबाईंनी मागं येऊन पातेल्यातला थेंब जिभेवर घेतला. नूरबीचा रस्सा होता तो. भाजलेल्या कांद्याचा गोडवा, न टाकलेली खसखस, सगळं जागच्या जागी. पहिल्यांदा त्यांना वाटलं ते एवढंच, की आपण वाचलो. सुटल्यासारखं वाटलं याची त्यांना पुढे फार लाज वाटली, पण तसं वाटलं होतं हे खरं.

पुढच्या वेळी त्यांनी मुद्दाम मीठ घातलं नाही. तरी मीठ अगदी बरोबर लागलं. त्याच्या पुढच्या वेळी वाटणच केलं नाही, नुसत्या हळदीवर मटण शिजवलं, आणि झाकण काढलं तेव्हा वर बोटभर तर्री आली होती. भगवंतरावांचे मलकापूरचे मामा, नारायणराव, पंगतीत म्हणाले, "भगवंता, मंडळीचा हात सोन्यात मढवून ठेव. गोरा साहेब चव पाहीन त् हिले इलायतेले घेऊन जाईन." सगळे हसले. मंजुळाबाई खाली पाहत वाढत राहिल्या. आता त्यांना एकच वाटत होतं, की एकदा तरी बिघडावं. एकदा बिघडलं की आपण सांगू. पण चांगल्या झालेल्या रश्श्यावर काय सांगायचं, आणि सांगितलं तरी ऐकणार कोण?

दिवाळीनंतरची गोष्ट. सकाळची जेवणं चालली होती. झुंबरबाईंनी वरण-भाकरीचा पहिला घास घेतला आणि त्यांचा हात थांबला.

"सूनबाई, ह्या वरणात काय घातलं?"

"हळद-मीठ, आत्याबाई. दुसरं काई नाई."

झुंबरबाई उठल्या. मोरीवर जाऊन त्यांनी घास टाकला, चूळ भरली, पुन्हा भरली, आणि पुन्हा. मंजुळाबाईंनी वरणात बोट बुडवून जिभेला लावलं आणि नूरबीच्या रश्श्याची चव ओळखली. समोर भगवंतराव आपलं वरण ओरपत होते. "काऊन?" ते म्हणाले. "आज त् वरणालेही चव हाय."

मंजुळाबाईंनी आतली चूल मोडून नवी घातली. नवी भांडी आणली. डोक्यावरून पाणी घेतल्याशिवाय त्या पिठाला हात लावीनात. रविवारचं मटणही त्यांनी बंद करून पाहिलं. वरण तसंच लागे. साधी ज्वारीची भाकरी तव्यावरून उतरली की तिला तो वास असे. झुंबरबाईंच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरले होते, त्यांना स्वतःला चूल पेटवता येत नव्हती, आणि ज्या घरात आतल्याच चुलीवर मटण शिजतं तिथलं आणलेलं त्या खात नसत. त्या दुधावर आणि भिजवलेल्या भुईमुगाच्या दाण्यांवर राहू लागल्या. पौष येईपर्यंत त्यांच्या हातातल्या पाटल्या कोपरापर्यंत सरकू लागल्या. भगवंतराव म्हणाले, म्हातारपणी असं होतं.

एका दुपारी मंजुळाबाईंनी त्यांच्यासमोर दुधाची वाटी ठेवली आणि तिथंच बसल्या. "आत्याबाई, नूरबी चोर नव्हती," त्या म्हणाल्या. "सहा वर्षं सारं तीच करून देत व्हती. मी खोटं बोलली."

झुंबरबाईंनी चाचपत वाटी जवळ ओढली.

"मले ठाव हाय," त्या म्हणाल्या. "दिसत नसलं तरी वास येते ना. आपल्या चुलीतून नुसता लाकडाचा धूर यायचा. मसाला भिंतीपलीकडून यायचा."

"मंग तुमी त्या दिवशी..."

"पंधरा माणसं ओसरीत बसली व्हती. म्या घराची अब्रू पाह्यली." त्यांनी वाटी उचलली, पण तोंडाला लावली नाही. "जेवाची आस सोडली नाई मी अजून, मंजुळे. पण अठरा वर्षांचा नेम मोडून नाई खाणार. तू तिच्याकडं जाय."

बुधवारी सालदार तुळशीरामनं दमणी जुंपली. दाण्यांचा बाजार करायचा म्हणून मंजुळाबाई मलकापूरला गेल्या. कापसाच्या जिनिंगच्या मागच्या गल्लीत पिंजणाच्या आवाजावरून विचारत विचारत घर सापडलं. दार उघडंच होतं. नूरबी चुलीपुढे बसली होती. तिनं वर पाहिलं, डोक्यावरचा पदर सारखा केला आणि म्हणाली, "या बाई, बसा."

चुलीवर मटण शिजत होतं. मंजुळाबाईंनी श्वास घेतला. कांदा भाजलेला दिसत होता, मसाला वाटलेला दिसत होता, आणि वास कसलाच नव्हता. पाणी उकळताना येतो तेवढाही नाही.

"मी खोटं बोलली व्हती, नूरबी."

"हाव," नूरबी म्हणाली. तिच्या आवाजात काही नव्हतं. मग थोड्या वेळानं, जसं दुसऱ्याच कुणाचं सांगावं तसं, ती म्हणाली, "तठून आलो तवापासून माह्या हाताले चवच नाई, बाई. मीठ घालते, मीठ लागत नाई. मिरची घालते, पोरायले लागत नाई. हे काई बोलत नाईत. खातेत अन् उठतेत."

तिनं ताट घेतलं. भाकरी ठेवली, वाटीत रस्सा वाढला आणि ते मंजुळाबाईंच्या पुढे सरकवलं. त्यांच्या शेजारी बसून ती हलक्या आवाजात म्हणाली, "तुमी सहा वर्षं खाल्लं माह्या हातचं. आज एक घास खाऊन सांगा, मले कळन तरी."

मंजुळाबाईंनी हात पुढे केला. तो ताटापर्यंत गेलाही. दाराबाहेर दमणीचं जू धरून तुळशीराम उभा होता आणि आत पाहत होता. गल्लीतून दोन बायका जात होत्या, त्या उगीच थांबल्या. संध्याकाळपर्यंत गाव, उद्यापर्यंत ओसरी, रविवारपर्यंत पंगत. तळहात भाकरीच्या अगदी वर होता, तिची ऊब त्याला लागत होती.

"आज माहा उपास हाय," त्या म्हणाल्या.

"असं का," नूरबी म्हणाली. तिनं ताटावर दुसरं ताट पालथं घातलं आणि निघताना त्यांना दारापर्यंत पोचवलं. "संभाळून जाजा, बाई. रस्ता खराब हाय."

संध्याकाळी घरी आल्यावर मंजुळाबाई हातपाय धुऊन सासूबाईंपाशी गेल्या. झुंबरबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या.

"भेटली?"

"भेटली."

"जेवाले वाढलं असन तिनं."

मंजुळाबाईंनी ओले हात पदराला पुसले. झुंबरबाईंनी त्यांच्या दिशेनं मान वळवली. त्या मोतीबिंदूच्या डोळ्यांना काय दिसलं असेल ते असो, पण त्यांनी पुन्हा विचारलं नाही. नुसता हात लांब करून सुनेचा हात चाचपला, बोटं एकेक करून दाबून पाहिली, आणि सोडून दिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी झुंबरबाई आंघोळ करून पाटावर येऊन बसल्या, मंजुळाबाईंनी वाढलेल्या, अजूनही तोच रश्श्याचा वास येणाऱ्या वरणात त्यांनी भाकरी कुस्करली, ती शेवटच्या घासापर्यंत खाल्ली, आणि ताट पुढे करून आणखी मागितलं.