अर्ध्या साडीवरचे सात टाके

मी एक अर्धी साडी. उरलेल्या अर्धीची पायपुसणी झाली. मी जरा धड होते, म्हणून विनयानं मला पोरासाठी ठेवलं.

विनया सातिवलीच्या एका गोदामात कामाला. घरी बघायला कुणी नाही, म्हणून पाच महिन्यांच्या आयुषला ती माझ्यात गुंडाळून छातीशी बांधायची. त्याचं डोकं तिच्या हनुवटीखाली यायचं. सगळ्यांच्या आधी पोचायची ती, म्हणून किल्लीही तिच्याकडेच.

नव्व्याण्णव सालच्या मार्चमध्ये एका सकाळी दोन माणसं आली. एकानं आयुषच्या मानेशी सुरी धरली. "उघड! ओरडलीस तर आत्ताच संपला." सुरी हलली आणि माझा काठ कापला गेला. विनयानं कुलूप उघडलं. तांब्याच्या तारेची भेंडोळी टेम्पोतून गेली.

त्याच संध्याकाळी तिनं मला धुतलं आणि सात टाके घातले. इथंच चुकलं. मालक म्हणाला, "किल्ली हिची, म्हणजे ही सामील." पोलीस म्हणाले, "सुरी लावली तर खूण दाखव." खूण तिनंच शिवून टाकली होती. चोरीत सामील म्हणून तिच्यावर खटला भरला.

तिच्या वकील फेलिशिया मॅडम, गिरीजच्या. त्यांनी समजावलं, "विनयाबाई, धाकानं केलेलं माफ होतं. पण भीती त्याच क्षणी मरण्याची हवी, आणि तीही स्वतःच्या."

"पोराच्या चालत नाही?"

"कलमात तसं नाही."

"मग लिहिणाऱ्याच्या कडेवर पोर नसणार."

मॅडम हसल्या नाहीत. मला हातात घेऊन टाके बघत राहिल्या.

कोर्टात सरकारी वकील म्हणाले, "टाके काय, कधीही घालता येतात."

"फाटक्यात पोर कसं बांधू, साहेब? दुसऱ्या दिवशी कामाला जायचं होतं."

आयुषला माझ्यात तसंच बांधून दाखवायला मॅडमनी तिला सांगितलं. आयुष आता दीड वर्षाचा, मावेना. पाय झाडत त्यानं फेलिशिया मॅडमच्या गळ्यातला वकिली पांढरा बँड ओढला. पण गाठ बसली तेव्हा सातही टाके विनयाच्या गळ्याच्या बरोबर खाली आले. न्यायाधीश साहेबांनी पुढं वाकून बघितलं आणि विचारलं,

"बाई, तेव्हा तुम्हाला आपण मरू अशी भीती वाटली?"

विनयानं मॅडमकडं पाहिलं. मग खाली, टाक्यांकडं.

"हो, साहेब."

ती सुटली. मी मात्र चिठ्ठी लावून मुद्देमालाच्या खोलीत पडून आहे. न्यायला ती एकदा आली होती. कारकून म्हणाला, अर्ज करा. आता आयुष चालतो, माझी गरज नाही. पुन्हा आली नाही.

निकालात लिहिलंय, स्वतःच्या जिवाच्या भीतीनं तिनं कुलूप उघडलं. मी तिच्या छातीला बांधलेली होते. तिचं काळीज कुणासाठी धडधडत होतं ते मला ठाऊक आहे. स्वतःचा गळा तिला आठवलाही नव्हता.

एवढं कुणाला सांगू नका.