अर्धा उतरलेला फोटो

मी एक जुनी केबल आहे, मित्रांनो, आणि आता फार दमले आहे. अंबादासांच्या नव्या फोनच्या खोक्यातून कांजूरमार्गच्या या घरात आले, तेव्हा पांढरीशुभ्र होते. आता दोन्ही टोकांना काळी टेप आहे आणि अंगाला कायमचा पीळ पडला आहे.

माझ्या पोटात चार तारा आहेत. दोन वीज नेतात, दोन फोटो. पण या घराने मला चार्जिंगची वायर म्हणूनच राबवलं. ओढलं, खुपसलं, लोंबकळत ठेवलं. कौतुक झालं ते एकदाच. अंबादासांना झाडांचे फोटो काढायचा नाद. दर रविवारी आरे कॉलनीत जायचे. त्यांची मुलगी माधुरी हिने ते फोटो माझ्यातून कॉम्प्युटरवर उतरवले, तेव्हा ते बघतच राहिले. "झकास! एवढ्याशा वायरीतून आख्खं आरे गेलं?" पुढचे फोटो मात्र 'येत्या रविवारी उतरवू' म्हणत फोनमध्येच साठत गेले.

अंबादासांची शिस्त एकच होती. "शंभर झाले की वायर काढ गं शांता, बॅटरी फुगते." त्यांच्या बायकोने, शांताबाईंनी, हे इतकं मनावर घेतलं की भाजी फोडणीला टाकूनसुद्धा त्या मला काढायला धावत यायच्या.

यंदा अंबादास गेले. पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला त्यांचा फोटो हवा होता. सगळं घर धुंडाळलं. जो सगळ्यांचे फोटो काढतो, त्याचा कोण काढणार? धड असा एकच होता. आरेत झाडाला टेकून ते हसत होते आणि फोटो शांताबाईंनी काढला होता. तो त्या फोनमध्येच राहिला होता. फोनची स्क्रीन अर्धी काळी झालेली, वायफाय बंद, आणि इतकी काळजी घेऊनही बॅटरी फुगलेलीच. मी जोडलेली असेन तोवरच तो जिवंत राहायचा.

माधुरीने मला कॉम्प्युटरला लावलं आणि सगळे फोटो एकदम उतरवायला घेतले. माझी एक तार तुटायला आली होती. तरी मी नेटाने एकेक फोटो पुढे ढकलत होते. झाडं गेली, पानं गेली, डबा उघडून बसलेल्या शांताबाई गेल्या. काम चालू आहे हे पाहून माधुरी चहा ठेवायला उठली.

तेवढ्यात शांताबाईंना फोनवर शंभराचा आकडा दिसला. त्यांनी सवयीने मला उपटलं.

फोन विझला. माधुरी धावत आली. तिने मला पुन्हा पुन्हा लावून पाहिलं, पण तो काही उठला नाही. कॉम्प्युटरवर अंबादास अर्धेच आले होते. कपाळ, डोळे, नाक, आणि त्याखाली नुसता करडा पट्टा. हसू तिकडेच राहिलं.

"वाट ला..." माधुरीने शब्द गिळला.

शांताबाई घाबरून बघत होत्या. "काय झालं गं? मी वायर काढली म्हणून गेला का तो?"

माधुरीने मला फोनमधून उपसून काढलं. मग म्हणाली, "नाही गं आई. ही वायरच सडकी. कधीच फेकायला हवी होती."

"मेली!" म्हणत शांताबाईंनी मला दाराआडच्या रद्दीच्या पिशवीत भिरकावलं.

तिथूनच मी कार्यक्रम पाहिला. करड्या पट्ट्यावर पांढऱ्या फुलांचा हार घातला होता आणि वर अंबादासांचे डोळे दिसत होते. येणाऱ्या प्रत्येकाला शांताबाई सांगत होत्या, "वायरीने घात केला हो." मला वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू? पण त्या रात्री त्या शांत झोपल्या.

मित्रांनो, माणसांचे फोटो रविवारवर ढकलू नका, आजच उतरवून ठेवा. आम्हा जुन्या तारांवर एवढा भार टाकू नका. आणि कधी कांजूरमार्गला शांताबाई भेटल्या, तर वायरच सडकी होती, असंच सांगा.