दिवस नसलेली खोली

ती सूतगिरणीत रात्रपाळीला होती. गिरणीत सगळे तिला ताई म्हणायचे. अलीकडे पाळीवर तिच्या छातीत धडधडायचं. तपासायला गेली तेव्हा डॉक्टरीणबाईंनी सुचवलं, "आमच्या संशोधनासाठी काही दिवस राहायला या. शरीरातलं घड्याळ हृदयाला कसं वागवतं ते बघायचंय. माणूस निजलेला असताना आणि सायकलवर घाम गाळताना."

नवऱ्याला हसू आवरेना. "घरी कधी घाम गाळायला सांगितलं तर तोंड वाकडं, आणि तिथे जाऊन सायकल दामटणार!"

"मनसोक्त झोपायलाही मिळणार आहे," ती म्हणाली आणि पिशवी भरायला लागली.

खोलीला खिडकी नव्हती. घड्याळ नव्हतं. कोपऱ्यातला दिवा सदा तेवढाच मंद. छातीला तारा चिकटवलेल्या. थोडी झोप, थोडं खाणं, मग जागच्या जागी फिरणारी सायकल, पुन्हा झोप. असं करता करता दिवस पाण्यात साखर विरघळावी तसा विरून गेला. पडल्या पडल्या ती उशीतून आपलेच ठोके ऐकायची. ते कधी जवळ यायचे, कधी लांब जायचे, कुणी पाण्याखालून चालत गेल्यासारखे. पॅडल नेहमी तितकंच जड असायचं, तरी एखाद्या वेळी हृदय उधळायचं आणि एखाद्या वेळी पाय ओढत मागून यायचं.

एकदा ठोके इतके संथ झाले की आपण तरंगतोय असं तिला वाटलं. आणि एकदम कळलं, ही तर रात्रपाळीची वेळ! इतकी वर्षं याच घटकेला ती सूत कातणाऱ्या चात्यांमधून धावत तुटलेले धागे जोडत होती. तिला आपल्या छातीची माया आली. तिने छातीवर हात ठेवला.

"बाहेर रात्र आहे ना गं?" तिने तारा तपासणाऱ्या मुलीला विचारलं.

"सांगितलं तर माझी नोकरी जाईल, ताई."

"मग नको सांगूस. कळलं मला."

शेवटी डॉक्टरीणबाईंनी तिला कागदावरची ठोक्यांची रेघ दाखवली. खिडकी नसतानाही ती वेळेवर चढत होती, वेळेवर उतरत होती. "धडधडीचं एवढंच कारण असेल असं मी म्हणत नाही," त्या म्हणाल्या. "पण पाळी बदलता आली तर बघा."

गिरणीतला मुकादम कुरकुरला. "दिवसपाळीला सगळेच टपून बसलेत."

"मग दिवसाच्या पॅकिंगला टाका."

त्याने टाकलं. सुरुवातीला तिची बोटं हवेत धागे शोधायची. मग एका संध्याकाळी ती आणि नवरा पुलाच्या चढाला लागले. अर्ध्यावर तो धापा टाकत कठड्याला टेकला.

"अगं, थांब ना जरा!"

"तू बस निवांत," ती म्हणाली आणि मावळत्या उजेडात आपल्या चालीने पुढे निघाली.