पलीकडच्या सुरातली हाक

दगड तापले, डुक्कर रताळ्यांसकट भाजायला खड्ड्यात गेलं, तरी पलीकडच्या डोंगरावरून कोणी उतरेना. तारुबी पुन्हा कड्यावर जाऊन उभा राहिला. अंगाला फासलेली सुतकाची माती वाळून कातडी ताणत होती.

वारलेल्या बायकोच्या माहेरचे येऊन जेवले की सुतक फिटणार होतं आणि आजोळी ठेवलेली लेक, इवी, घरी येणार होती. ते आले नाहीत तर पोर तिकडचीच.

माहेराला हाक मारायचं काम कायम बायकोचं. दरीपलीकडे शब्द पोचत नाहीत, सूर तेवढा पोचतो. तिच्या गावचा सूर शेवटाला वर चढायचा. तारुबीच्या गावचा सुरुवातीलाच चढून धपकन खाली यायचा. खाली गोरोका शहराच्या बाजारातसुद्धा मेव्हणे त्याची नक्कल करत. म्हणून आज त्याने तिच्यासारखी हाक दिली होती, आवाज बारीक करून, शेवट उंच नेऊन. जमलीही होती. मग येईनात का?

त्याने पुन्हा तशीच हाक दिली. खड्ड्यापाशी गेला, वरची पानं चाचपली, परत कड्यावर आला.

शेवटी झुडपातून थोरला मेव्हणा अनूमा वर आला. हातात कुऱ्हाड.

"दाजी, इथं कोण ओरडलं?"

"मीच. जेवायला बोलावत होतो."

"तुम्ही?" अनूमा मटकन खाली बसला. "अहो, अक्कल गहाण ठेवलीत काय? ती हाक मारतेय म्हणून अख्खं गाव दारं लावून बसलंय! मेलेल्याला ओ दिली की ते घेऊन जातं, ठाऊक नाही?"

"ठाऊक आहे. पण तुम्ही माझ्या बोलण्याला हसता."

"हसतो ना! हसत हसत जेवायलाही आलो असतो."

"आणि इवी?"

"दारावर धडका देतेय. आई बोलावतेय म्हणते. म्हातारीने कवटाळून धरलीय."

तारुबी कड्याच्या टोकाशी गेला आणि आपल्या गावच्या सुरात ओरडला. घसा फाटेपर्यंत ओरडला. पलीकडे एक दार उघडलं, मग दुसरं. कोणीतरी खदाखदा हसलं.

खड्डा उकरायच्या वेळी माणसं चढून आली. सासू पुढे, तिच्या बोटाला इवी. तारुबीने खाली बसून हात पसरले. इवी आली, त्याच्या मातीभरल्या छातीला टेकली आणि त्याच्या खांद्यावरून घराच्या दाराकडे बघत राहिली.